पब क्रॉलला जाताय? सोलापूर सोडण्यापासून रूमवर परत येईपर्यंत, टप्प्याटप्प्याने

'बसायचं का?' म्हटलं की सोलापूरकराला पुढचं काही सांगावं लागत नाही. ढाब्यावर किंवा परमिट रूममध्ये एकच टेबल, ओळखीची चार टाळकी, चकणा येत राहतो, गप्पा लांबतात आणि जेवण सगळ्यात शेवटी, तेही अर्धं ताटात राहतं. हीच सवय घेऊन आपली पोरं गोव्यात, बेंगळुरूत किंवा एमएस करायला गेलेल्या भावाकडे जर्मनीत पब क्रॉलला जातात आणि दुसऱ्या पबपर्यंतच त्यांचा कार्यक्रम आटोपतो. गाइड पुढे निघून जातो, उरलेल्या तिकिटाचे पैसे पाण्यात.

क्रॉलमध्ये एक गाइड अनोळखी लोकांचा घोळका घेऊन रात्रीतून तीन-चार पब फिरवतो आणि शेवटी एखाद्या क्लबात नेऊन सोडतो. इथं जेवण आधी करायचं असतं, जागा दर तासाला बदलते, शेजारी बसलेला माणूस अनोळखी असतो आणि बऱ्याच पेयांचे पैसे आधीच भरलेले असतात. म्हणून क्रम चुकवू नका. बहुतेक गोंधळ पिण्याने कमी आणि क्रम चुकल्याने जास्त होतात.

## १. बुकिंग: फोटो सोडा, अटी वाचा

फोटोत सगळे हसत असतात. त्याखाली बारीक अक्षरात जे लिहिलंय ते वाचा. किमान एवढं तरी शोधा: किती ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी किती वेळ, तिकिटात नेमकं काय मिळतं, शेवटच्या क्लबचा प्रवेश धरलाय का, आणि रद्द केल्यास पैसे कधीपर्यंत परत मिळतात.

'अनलिमिटेड' या शब्दावर सगळ्यात जास्त लोक फसतात. अनलिमिटेड बहुधा पहिल्याच ठिकाणी, पहिल्या तासापुरतं आणि ठरलेल्या एक-दोन ब्रँडवरच असतं. पुढच्या पबांत दारातून शिरताना एक शॉट मिळतो, बाकी आपल्या खिशातून. हे माहीत नसलेला माणूस तिसऱ्या पबात काउंटरवर हातातली पट्टी दाखवून भांडत बसतो.

वयाची अट प्रत्येकासाठी वेगळी तपासा. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनला २१ वर्षं पूर्ण लागतात, व्हिस्की-रम-व्होडकासारख्या कडक दारूला २५. म्हणजे ग्रुपमधला २३ वर्षांचा चुलतभाऊ पुण्यात बिअर घेऊ शकतो, शॉट नाही, मग तो तिकिटात 'धरलेला' असला तरी. गोव्यात १८, दिल्लीत २५. मे २०२४ मधल्या कल्याणीनगरच्या अपघातानंतर (पबमधून निघालेल्या अल्पवयीन मुलाच्या कारखाली दोघांचा जीव गेला) पुण्यातल्या पबांवर वयाच्या तपासणीचा दबाव वाढला आहे, दाराशी वाद घालून काही मिळत नाही.

महाराष्ट्रात प्यायचा परवानाही लागतो. एका दिवसाचा ५ रुपयांत, वर्षाचा १०० रुपयांत, आजीव १००० रुपयांत. वर्षातून तीन-चारदा जाणार असाल तर आजीव काढून ठेवा आणि विसरून जा.

आता खास आपल्याकडची अडचण. पाच पोरं मिळून निघाली आणि सोबत एकही मुलगी नाही, तर भारतातले बरेच पब 'स्टॅग एंट्री नाही' म्हणून दारातूनच परत पाठवतात. गाइडसोबत गेल्यावर हे सहसा टळतं, पण 'सहसा'वर पाचशे किलोमीटर जाऊ नका. बुकिंगच्या आधी विचारा: 'आम्ही पाच पुरुष आहोत, चारही ठिकाणी प्रवेश मिळेल का?' उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. फोनवर 'हो सर, नो प्रॉब्लेम' सगळेच म्हणतात.

परदेशात जाणाऱ्यांसाठी एक बदल महत्त्वाचा आहे. प्राग शहराने २०२४ च्या अखेरीस रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत गाइडसह चालणारे पब क्रॉल बंद केले. बार्सिलोनाच्या जुन्या शहरातही बंदी आहे. तिकडं चार वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या मित्राने दिलेली माहिती आज लागू असेलच असं नाही. जुन्या व्हिडिओवर विसंबून तिकिटं काढू नका.

तपासा: तारीख ड्राय डेची नाही ना? २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर पक्के. त्याशिवाय निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवस. जोडून सुट्टी मिळाली म्हणून १५ ऑगस्टचं बुकिंग करणारे दरवर्षी निघतातच.

## २. मुक्काम आणि परतीची गाडी ठरवल्याशिवाय पैसे भरू नका

पुण्याला जाणारे इथं हमखास घसरतात. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी निघायचं हे बरोबर आहे. पण परतीची हुतात्मा पुण्याहून संध्याकाळीच सुटते, क्रॉल सुरूही झालेला नसतो. मग कोणीतरी डोकं चालवतं: 'लका, सिद्धेश्वर आहे की, रात्री दोनच्या सुमाराला पुण्यात येते. पबमधून थेट स्टेशन, सकाळी सोलापूर!' कागदावर सुंदर दिसणारा हा बेत प्रत्यक्षात असा संपतो: दीड वाजता एक जण सापडत नाही, दुसरा रिक्षात बसायला तयार नाही आणि तिसरा फलाटावर भलत्याच गाडीसमोर उभा. शिवाय नशेत रेल्वेत किंवा स्टेशनात सापडणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४५ खाली गुन्हा आहे. एका रात्रीची खोली घ्या, दुसऱ्या दिवशीची गाडी धरा.

बेंगळुरूला उद्यान एक्स्प्रेस बरी. दुपारनंतर सोलापूर सोडते, सकाळी पोचवते. दिवसभर झोप काढता येते, म्हणजे रात्री ताजेतवाने. आपल्यापैकी घरात कन्नड बोलणारा कोणी असेल तर त्याला आवर्जून न्या, रात्री एकला रिक्षावाल्याशी भाव करताना तोच कामाला येतो. गोव्याला जून २०२५ पासून सोलापूरहून थेट विमान सुरू झालं, पण त्याचे वार बघूनच क्रॉलचा दिवस ठरवा.

खोली कुठं घ्यायची? भेटायच्या जागेजवळ नको, शेवटच्या क्लबजवळ घ्या. संध्याकाळी शुद्धीवर असताना लांबून जाणं सोपं असतं. शेवटचा क्लब कोणता हे आयोजकाला विचारलं की सांगतात.

सावध: स्वतःची कार घेऊन जायचं असेल तर ती खोलीवरच उभी राहिली पाहिजे. 'एक जण पिणार नाही' हा ठराव दुसऱ्या पबपर्यंत टिकतो. गोव्यात भाड्याच्या स्कूटरला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असतात, रात्री पोलिसांना ती लांबून कळते. रक्तात १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्या वेळेला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

## ३. खिशात काय, अंगावर काय

ओळखपत्र मूळ न्या. आधार किंवा ड्रायव्हिंग लायसन्स. गॅलरीतला फोटो बरेच दारवान मानत नाहीत. परदेशात वय दाखवायला पासपोर्ट मागतात. तो न्यायचा असेल तर आतल्या चेनच्या खिशात, आणि त्याची प्रत खोलीवर वेगळी.

पैशाचे दोन भाग करा. रात्रीचा खर्च एका खिशात, परतीच्या टॅक्सीचे पैसे दुसऱ्या खिशात, आणि त्या दुसऱ्या खिशाला हात लावायचा नाही. युपीआयवर पूर्ण भरवसा नको: तळघरातल्या पबमध्ये नेटवर्क नसतं आणि युरोपात ते बहुतेक ठिकाणी चालतही नाही. तिकडं थोडी नाणी लागतात, कोट ठेवायला आणि कधीकधी शौचालयालाही.

बंद बूट घाला. चप्पल, सँडल, हाफ पँट यांनी पहिला पब पार होतो, शेवटचा क्लब होत नाही. चालणं भरपूर असतं, त्यामुळे लग्नात घेतलेले नवे कडक बूटही नकोत.

मोबाइल पूर्ण चार्ज आणि सोबत छोटी पॉवर बँक. खोलीचा पत्ता कागदावर लिहून पाकिटात ठेवा, कारण मोबाइल संपल्यावर गुगल मॅपचा काही उपयोग नसतो. दागिने घरी.

## ४. निघण्याआधी पोटभर जेवा

मला विचाराल तर या लेखातला हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि सोलापूरकर तोच सोडून देतात. 'आत्ता जेवलो तर चढणार नाही' हे आपल्याकडचं जुनं तत्त्वज्ञान. चढणं लांबावं म्हणूनच तर जेवायचं! पोटात अन्न असलं की दारू आतड्यात हळूहळू उतरते आणि रक्तात एकदम उसळी येत नाही. रिकाम्या पोटी घेतलेले तेच दोन पेग वेगळंच काम करतात.

भेटायच्या वेळेआधी दीड-दोन तास जेवा. मैदा आणि वेफर्सवर भागवू नका. बाहेर बरं जेवण मिळेल का याची खात्री नसेल तर बॅगेत कडक भाकरी आणि शेंगाचटणी असू द्या, दोन्हीला प्रवासात काही होत नाही. जवळच्या दुकानातून दही आणा, भाकरी हातानेच मोडून दह्यात पाच मिनिटं भिजत घाला, वर चटणी आणि जमलं तर तेल. कडकपणा गेला की खा. दोन भाकऱ्यांत पोट भरतं, तेल-दाण्याचा स्निग्धांशही जातो आणि बाहेरच्या बर्गरपेक्षा स्वस्तही पडतं. मांसाहारी असाल तर अंडी घ्या. फार तिखट रस्सा मात्र आज नको, रात्री ॲसिडिटीला तोच कारण होतो.

दिवसभर पाणी पीत राहा. दुपारी तासभर झोप मिळाली तर उत्तमच.

सावध: मेट्रोनिडाझोल (जंतुसंसर्गावरचं औषध), झोपेच्या गोळ्या, फिट्सची औषधं, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दारूला हात लावू नका. मधुमेह्याची साखर रात्रीतून खाली जाऊ शकते आणि सोबतच्यांना वाटतं, याला जास्त झाली. डोकं दुखू नये म्हणून आधीच पॅरासिटामॉल घेणं हीसुद्धा वाईट युक्ती, यकृतावर दुहेरी ताण येतो.

## ५. भेटायची जागा

पंधरा मिनिटं आधी पोचा. बहुतेक क्रॉल वेळेवर हलतात, 'निघालोय, पाच मिनिटं' इथं चालत नाही. गाइड सहसा कंपनीच्या टी-शर्टात किंवा पाटी घेऊन उभा असतो. तिकीट दाखवा, मनगटावर पट्टी बांधून घ्या. ती फार सैल नको, निघून पडली तर पुन्हा पैसे मागतात.

व्हॉट्सॲप ग्रुप असेल तर लगेच त्यात शिरा. सगळ्या ठिकाणांची नावं क्रमाने विचारून मोबाइलवर लिहून घ्या. गड्ड्याच्या जत्रेत आई पोरांना सांगते ना, 'हरवलास तर या कमानीपाशी थांब', तसं आपल्या लोकांत प्रत्येक ठिकाणासाठी ठरवा: चुकामूक झाली तर दाराबाहेर, दहा मिनिटं. शिवाय जोड्या लावा. पाच जण असाल तर दोन आणि तीन. आपल्या जोडीदाराला न सांगता कोणी पब सोडायचा नाही, मुलींनी तर नाहीच.

## ६. पहिला तास: इथंच रात्र बिघडते

अनलिमिटेड तास सुरू झाला की आपल्या डोक्यात लग्नाची पंगत सुरू होते. पैसे भरलेत, वसूल करायचे. चार जण काउंटरला खेटून, एकाच्या हातात दोन-दोन ग्लास, 'उचल लका, वीस मिनिटंच राहिली.'

हिशोब करून बघा. आपला ३० मिलीचा छोटा पेग, ४२.८ टक्के अल्कोहोलचा, म्हणजे सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. हे माप डोक्यात ठेवा. ५ टक्क्यांची अर्धा लिटर बिअर म्हणजे असे दोन पेग. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली म्हणजे चार पेग. 'बिअरच तर आहे' म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. ४० मिलीचा शॉट म्हणजे सव्वा पेग. लाँग आयलंड आइस्ड टी नावाचा जो गोड ग्लास येतो त्यात चहा नसतो, चार-पाच प्रकारच्या दारू असतात, दोन-अडीच पेग सहज.

आता तासाभरात तीन अर्ध्या लिटरच्या बिअर आणि रात्रभरात चार ठिकाणचे चार शॉट, एवढंच धरा. सहा आणि पाच मिळून अकरा पेग झाले, आणि तुम्ही स्वतःच्या पैशाने अजून काहीच मागवलेलं नाही. शरीर तासाला जेमतेम पाऊण-एक पेग निकालात काढतं. चार तासांत तीन-चार गेले, सात आतच. त्यात पेग पोटात गेल्यावर पूर्ण परिणाम दिसायला अर्धा ते दीड तास लागतो. म्हणून पहिल्या पबातून निघताना 'काहीच वाटत नाही' असं वाटतं आणि दुसऱ्यात सगळं एकदम वाटतं.

मग करायचं काय?

पहिल्या तासात दोनच ग्लास, दोन्ही हळू. प्रत्येक ग्लासामागे तेवढंच पाणी. शॉट घ्यायचाच असेल तर चारपैकी कोणते दोन घेणार हे आधीच ठरवा. बाकीचे नाकारताना कारण द्यायची गरज नाही. 'मला सोडा द्या' म्हणा, गाइडला रोज असे लोक भेटतात. बिअर, वाइन, व्होडका असं सरमिसळ करू नका. मिसळण्याने विष होत नाही, पण किती झाली याचा हिशोब सुटतो, आणि तोच महत्त्वाचा आहे.

अजिबात न घेणाऱ्यांनीही क्रॉलला खुशाल जावं. काही आयोजक विनामद्य तिकीट कमी पैशात देतात, बुकिंगच्या वेळी विचारा. लिंबू-सोड्याचा ग्लास हातात असला की कोणी आग्रह करत नाही. आग्रह करतात ते आपलेच: 'एवढ्या लांब आलास आणि घेणार नाहीस?' या वाक्यावर बंदी घालूनच ग्रुप बांधा.

तपासा: दुसऱ्या पबला निघण्याआधी आरशात नाही, मोबाइलमध्ये बघा. एक साधा मेसेज न चुकता टाइप होतोय का? नसेल तर पुढच्या ठिकाणी फक्त पाणी.

## ७. ओळखी करायला आलात, कोपरा धरायला नाही

क्रॉलचे पैसे खरं तर यासाठी देतो. पिणं सोलापुरातही स्वस्तात होतं. तरी आपला ग्रुप काय करतो? पाचही जण एकाच टेबलाभोवती, पाठ बाकीच्यांकडे, मोठ्याने मराठीत हसत. बाजूच्या माणसाला वाटतं आपल्यालाच हसताहेत.

प्रत्येक पबात जोड्या बदला आणि एकेका जोडीने एका अनोळखी टोळक्यात जा. बोलायला विषय सोपे: कुठून आलात, हे कितवं शहर, आधीच्या पबमधलं काय आवडलं. सोलापूर कुठं हे कोणाला माहीत नसतं. 'तुझ्या घरी जी चादर आहे ना, ती आमच्या गावची' हे वाक्य निदान भारतात तरी कामाला येतं. इंग्रजी मोडकं असेल तर बिनधास्त बोला, त्या गोंगाटात कोणाचंच व्याकरण ऐकू येत नाही. गाइड ओळखीचे खेळ घेतो त्यात पहिल्याच फेरीत उतरा, नंतर संकोच वाढतो. हरणाऱ्याने पिण्याचा खेळ असेल तर हातात पाणी घेऊन खेळा.

मुलींशी बोलण्याबद्दल स्पष्ट लिहितो, कारण तक्रारी इथूनच होतात. क्रॉलला आलेली मुलगी फिरायला आली आहे, तुमच्यासाठी नाही. दोन-तीन वाक्यांत उत्तरं तुटक येऊ लागली की 'एंजॉय' म्हणून पुढे व्हा. नंबर एकदाच विचारायचा. नाचताना हात लावायचा नाही. परवानगीशिवाय फोटो नाही, व्हिडिओ तर नाहीच, आणि मराठीत शेरे मारले तर कळत नाहीत या भ्रमात राहू नका, मराठी माणूस पोलंडच्या क्राकोवमध्येही भेटतो. गाइडने एकदा हटकलं तर वाद नाही. त्याला तुम्हाला पैसे परत न देता बाहेर काढता येतं.

सावध: ग्लास टेबलावर ठेवून नाचायला किंवा शौचालयात गेलात तर परत आल्यावर तो पिऊ नका, नवा घ्या. अनोळखी माणसाने आणून दिलेला ग्लास नाकारा, काउंटरवर तुमच्यासमोर ओतलेला चालेल.

## ८. एका पबातून दुसऱ्यात

गाइड निघण्याआधी पाच-दहा मिनिटं हाक देतो. ती आली की आधी शौचालय, मग बिल, मग दार. याच क्रमाने. दार आधी केलं तर मधेच गाइडला थांबवावं लागतं आणि पन्नास लोक तुमच्याकडे बघतात.

ग्लास किंवा बाटली रस्त्यावर न्यायची नाही. गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर पिण्याला मोठा दंड आहे. गल्लीत घोषणा, शिट्ट्या नकोत. शिवजयंतीची मिरवणूक नाही ही, वर लोक झोपलेत. चालताना शेवटून दुसरे राहा. शेवटच्याला कोणी मोजत नाही.

## ९. बिल त्या-त्या जागीच चुकतं करा

'आज मी देतो, पुढचं तू दे' ही आपली दिलदारी क्रॉलमध्ये महागात पडते. चौथ्या पबात पुढचा कोण होता हे कोणालाच आठवत नाही आणि सकाळी हिशोबावरून तोंडं वाकडी. प्रत्येकाने आपलं मागवायचं, तिथंच पैसे द्यायचे. कार्ड काउंटरवर ठेवून खातं उघडं ठेवू नका.

बिलात खाण्यावर जीएसटी आणि दारूवर व्हॅट वेगळा लागतो, त्यामुळे मेन्यूतल्या आकड्यापेक्षा रक्कम फुगणारच. सर्व्हिस चार्ज मात्र ऐच्छिक आहे, नको असेल तर शांतपणे काढायला सांगा. गाइडने रात्र चांगली नेली तर शेवटी त्याच्या हातात काही द्या.

## १०. शेवटचा क्लब

गाइड आत सोडतो आणि त्याचं काम तिथं संपतं. यापुढे कोणी डोकी मोजणार नाही, ही गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. दारातून आत जातानाच निघायची वेळ ठरवा आणि प्रत्येकाच्या मोबाइलवर गजर लावा, कंपनावर, कारण आवाज ऐकू येणार नाही.

क्लब बंद व्हायच्या अर्धा तास आधी निघालं की टॅक्सी पटकन मिळते. बंद झाल्यावर सगळं शहर एकाच वेळी गाडी शोधत असतं आणि भाव दुप्पट. गोव्यात गोवामाईल्स या टॅक्सी ॲपवर किंवा हॉटेलवाल्याकडून गाडी आधीच सांगून ठेवा. गाडीत बसण्याआधी नंबर जुळवा, तो ग्रुपवर टाका.

## ११. कोणाला जास्त झाली तर

अडखळतोय, बडबडतोय, ओकतोय: बसवा, घोट घोट पाणी द्या, एकटं सोडू नका. लिंबू, ताक, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ यातल्या कशानेही दारू उतरत नाही, ती वेळेनेच उतरते. अंघोळीच्या नादात न्हाणीघरात डोकं फुटल्याचे प्रकार होतात ते वेगळेच. मुद्दाम ओकायलाही लावू नका.

हलवून, हाक मारून उठत नसेल, श्वास फार सावकाश किंवा थांबून थांबून येत असेल, ओठ किंवा नखं निळसर दिसत असतील, अंग गार पडलं असेल किंवा फिट आली असेल, तर 'झोपला की उतरेल' म्हणून सोडू नका, रुग्णवाहिका बोलवा. भारतात ११२ आणि युरोपियन युनियनच्या देशांतही ११२च, एवढी एक सोय आहे. गाडी येईपर्यंत त्याला कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडून, तोंड किंचित खाली. पाठीवर झोपलेला माणूस ओकला तर ते श्वासनलिकेत जातं.

पोलीस येतील, घरी कळेल, या भीतीने उशीर करू नका. डॉक्टरांना किती आणि काय घेतलं ते खरं सांगा. परदेशात असाल तर हेही धरून चला की नशेत झालेली इजा बहुतेक प्रवास विम्यांत बसत नाही.

## १२. दुसऱ्या दिवशी

उठल्यावर पाणी, मीठ-साखरेचं सरबत, साधं खाणं. 'उतारा' म्हणून सकाळी पुन्हा एक घेऊ नका, त्याने त्रास फक्त दुपारपर्यंत ढकलला जातो.

कार आणली असेल तर किल्लीला लगेच हात नको. वरच्या हिशोबातले अकरा पेग रात्री नऊपासून मोजले तर अंगातून निघायला दुसऱ्या दिवशीची सकाळ उलटते, कधी दुपारही उजाडते, झोप झाली तरी. सकाळी सात वाजता 'आता एकदम फ्रेश' म्हणून सोलापूरचा रस्ता धरणारा माणूस कायद्याने अजून नशेत असू शकतो.

गोव्याहून येताना स्वस्त मिळाली म्हणून बाटल्या बॅगेत कोंबू नका. तिथली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, उत्पादन शुल्कवाले सीमेवरच्या नाक्यांवर ट्रॅव्हल्सच्या डिक्या उघडून बघतात, आणि बाटली कोणाची हे कबूल होईपर्यंत सगळी बस रस्त्याच्या कडेला उभी राहते.